शिकार, बंदुकीचा बार आणि उरलेली श्रवणशक्ती

"माझे कान तसेही गेलेत, आता बोळे घालून काय वाचवायचंय?" जिथे कायद्याने शिकारीला मुभा आहे, तिथल्या जुन्या शिकाऱ्यांकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्याच्या जोडीला दुसरंही येतं: "कानात काही घातलं तर सावजाची चाहूल कशी लागणार?" पहिलं वाक्य सपशेल चूक आहे. दुसऱ्यात एके काळी तथ्य होतं, आता फारसं उरलेलं नाही.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. बंदुकीच्या आवाजाने ऐकणं सरसकट कमी होत नाही, त्याला एका ठरावीक जागी खड्डा पडतो. ऑडिओलॉजिस्टकडे कानाची तपासणी केली की हातात एक आलेख मिळतो. त्यावर डावीकडे जाडे-खर्जातले आवाज असतात आणि उजवीकडे बारीक-तीव्र. रेष जितकी खाली, तितका आवाज मोठा केल्याशिवाय ऐकू येत नाही. बंदूक चालवणाऱ्याच्या आलेखात रेष डावीकडून बऱ्यापैकी सरळ येते, ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान, बहुतेकदा ४००० च्या आसपास, धपकन खाली जाते आणि ८००० कडे पुन्हा थोडी वर येते. वयाने कमी झालेल्या ऐकण्याची रेष उजवीकडे नुसती घसरत जाते, ती वर येत नाही. तज्ज्ञाला बऱ्याचदा या खड्ड्यावरूनच कळतं की समोरचा माणूस गोंगाटात किंवा बारांच्या आवाजात वावरलेला आहे. पुढे वय वाढतं तसे हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. खड्डा रुंदावत ३०००, २००० पर्यंत सरकतो आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

कारण बोलण्यातली बरीचशी व्यंजनं याच पट्ट्यात आहेत. स, श, त, थ, फ, ख ही अक्षरं बारीक आवाजाची आणि ताकदीने कमी, तर स्वर खर्जातले आणि दमदार. त्यामुळे 'साप', 'ताप' आणि 'काप' या तिन्ही शब्दांतला 'आ' ऐकू येतो, पहिलं अक्षर निसटतं. म्हणूनच असा माणूस सांगतो, "ऐकू येतं हो, पण बोललेलं कळत नाही." घरच्यांना वाटतं की हा मुद्दाम दुर्लक्ष करतोय.

जंगलातही तेच होतं. पाचोळ्याची सळसळ, काटकी मोडल्याचा आवाज, बारीक शीळ घालणारे पक्षी हे सगळं वरच्या पट्टीतलं. लांबून जाणारी गाडी किंवा ढगांचा गडगडाट नीट ऐकू येतो, त्यामुळे आपलं काही हरवलंय हेच लक्षात येत नाही. जंगल पूर्वीपेक्षा शांत झालंय असं वाटत राहतं.

आता हिशोब बघा. ज्याचं ऐकणं धडधाकट आहे त्याचे दहा डेसिबल गेले तर त्याला कदाचित पत्ताही लागणार नाही. ज्याला आधीच चाळीस-पंचेचाळीस डेसिबलची घट आहे, त्याचे आणखी दहा गेले तर समोरासमोरचं शांत संभाषणही हातचं जातं. शिवाय श्रवणयंत्र काही नवा कान देत नाही. ते आवाज मोठा करतं, मोठा झालेला आवाज पकडायला आत जिवंत पेशी लागतात. एखाद्या पट्ट्यातल्या पेशी पुरत्या मेल्या असतील तर तिथे कितीही आवाज वाढवला तरी ऐकू येते ती नुसती खरखर. म्हणजे उरलेलं ऐकणं हेच श्रवणयंत्राचं भांडवल. ते जितकं कमी, तितकं महागातलं यंत्रही निरुपयोगी. कान 'गेलेल्या' माणसाने बोळे घालायचे ते याचसाठी, आणि धडधाकट माणसापेक्षा जास्त काटेकोरपणे.

एका बाराने एवढं काय होतं, हे कळायला डेसिबलची मोजपट्टी समजून घ्यावी लागते. ही मोजपट्टी फसवी आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० ला दहापट आणि २० ला शंभरपट. कामाच्या जागी दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, अशी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे. त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. पण हा हिशोब सलग चालणाऱ्या आवाजाचा. बंदुकीसारख्या क्षणिक स्फोटासाठी १४० डेसिबल हे शिखर ओलांडायचंच नाही, असा नियम आहे. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती मर्यादा १२० धरली आहे. वडिलांबरोबर शिकारीला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे कुणी लक्षात घेत नाही.

आणि बंदुका कुठे आहेत? .२२ ची हलकी रायफल साधारण १४० च्या आसपास. छऱ्याची बंदूक (शॉटगन) १५० ते १६५. मोठ्या प्राण्यांसाठीच्या रायफली १६० च्या पुढे, काही १७० पर्यंत. १४० डेसिबल म्हणजे २०० पास्कल दाब, १६० म्हणजे २००० पास्कल. कानाला ऐकू येणारा सर्वात हलका आवाज एका पास्कलच्या पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचा अर्थ उलगडतो. नळी आखूड असेल तर तिचं तोंड कानाजवळ येतं आणि बार जास्त बसतो. धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला जो मझल ब्रेक लावतात, तो गॅस बाजूला आणि मागे फेकतो. खांद्याला आराम मिळतो, त्याची किंमत कान मोजतात, स्वतःचे आणि शेजाऱ्याचेही. छप्पर असलेल्या लपणातून किंवा बंद मचाणातून बार काढला तर भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो.

मोबाइलवरच्या ॲपने बंदुकीचा आवाज मोजायच्या फंदात मात्र पडू नका. फोनचा माइक एवढा दाब पकडूच शकत नाही. तो त्याच्या कमाल मर्यादेला अडकतो आणि पडद्यावर दिलासादायक आकडा दाखवतो.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, कॉक्लिया. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी ओळीने बसलेल्या असतात. त्यातल्या सुमारे साडेतीन हजार मेंदूला खबर देतात, उरलेल्या हलक्या आवाजाला बळ देतात. नळीच्या तोंडाशी बारीक आवाजांच्या पेशी, टोकाशी खर्जाच्या. मोठा स्फोट झाला की काही पेशी तिथल्या तिथे फाटतात. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. ताणाने पिचलेल्या पेशी पुढचे काही दिवस एकेक करून मरत राहतात. सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहीत.

पक्ष्यांत उगवतात. १९८८ साली कोंबडीच्या पिल्लांवर आणि जपानी लाव्यांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं की आवाजाने नष्ट झालेल्या केसपेशींच्या जागी नव्या तयार होतात. म्हणजे ज्या लाव्यावर बार काढला आणि तो हुकला, त्या लाव्याचे कान बरे होतील. बार काढणाऱ्याचे नाहीत. निसर्गाचा हा न्याय मला तरी भारी वाटतो.

"बार काढल्यावर थोडा वेळ दडे बसतात, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक," असं म्हणणाऱ्यांसाठी २००९ साली आलेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं चाचणीपुरतं पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत दिसल्या. पण त्या पेशी जिथे श्रवणाच्या नसेला जोडलेल्या असतात, तिथले जवळपास निम्मे जोड काही भागांत कायमचे तुटलेले होते. माणसात हे नेमकं किती होतं यावर अजून काम चालू आहे. पण आलेख सरळ आला म्हणजे कान सुखरूप, हा भरवसा तेव्हापासून डळमळला. चार जणांच्या गलक्यात बोलणं न उलगडणं हे अशा झिजेचं लक्षण असू शकतं.

शरीराची स्वतःची काही ढाल नाही का? आहे, पण ती मंद आहे. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला स्टेपीडियस नावाचा इवलासा स्नायू आखडतो आणि हाडांच्या साखळीला लगाम घालतो. त्याला आखडायला सेकंदाचे काही शंभरांश भाग लागतात. बाराचा पहिला तडाखा हजाराव्या एक-दोन भागांत आत पोचलेला असतो. स्नायू दार लावतो तोवर चोर पसार झालेला असतो.

शिकाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत, खरं तर घात आहे. निशाणाच्या मैदानावर प्रत्येक बार कानठळ्या बसवतो. जंगलात मात्र समोर सावज असताना काढलेला बार बऱ्याच जणांना ऐकूच येत नाही. नुसता 'ठप्प' असं काहीतरी जाणवतं. लक्ष एवढं एकवटलेलं असतं की मेंदू त्या आवाजाची दखल घेत नाही. त्यावरून माणूस समजूत करून घेतो की मोकळ्या रानात आवाज कमी लागतो. मेंदूने दखल घेतली नाही म्हणून कॉक्लियावरचा दाब एका पास्कलनेही कमी होत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या बीव्हर डॅम गावात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने हे आकड्यांत पकडलं. निशाणाचा सराव करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात कानांना कधीच संरक्षण वापरलं नव्हतं. शिकारीच्या वेळी न वापरणाऱ्यांचं प्रमाण होतं ९५ टक्के. सरावाला मफ, म्हणजे कानांवर बसणाऱ्या वाट्या, घालणारी माणसंसुद्धा रानात उघड्या कानांनी जातात. "दोन-चारच तर बार असतात" हे त्यांचं कारण. पण १६० डेसिबलच्या पुढे 'दोन-चारच' असं काही नसतं. एका बाराने कायमची इजा होऊ शकते आणि झालेली आहे.

लांब नळीच्या बंदुकीत दोन्ही कानांना सारखा मार बसत नाही. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा उजवा कान डोक्याच्या आडोशाला आणि खांद्याकडे वळलेला असतो, तर डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा. म्हणून उजव्या हाताने चालवणाऱ्यांचा डावा कान जास्त खराब झालेला आढळतो, डावखुऱ्यांचा उजवा. याचा फटका दिशा ओळखण्यात बसतो. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. आडव्या दिशेने आलेला आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाने आधी पोचतो, आणि बारीक आवाज डोक्याच्या सावलीमुळे पलीकडच्या कानात हलका पडतो. एक कान अधू झाला की हा हिशोब बिघडतो. सळसळ ऐकू येते, पण माणूस भलतीकडे वळून बघतो. शिकारीत हे केवळ सावज निसटण्यापुरतं राहत नाही. आपला साथीदार कुठल्या बाजूला चालतोय याचा अंदाज चुकणं जास्त घातक.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ: कानात काही घातलं तर चाहूल कशी लागणार?

साध्या फोमच्या बोळ्यांबद्दल ही तक्रार खरी आहे. पण सरावाच्या वेळी त्यांच्याइतकं स्वस्त आणि मस्त काही नाही, फक्त ते नीट घालता आले पाहिजेत. बहुतेक जण बोळा नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात. बरोबर पद्धत अशी: हात कोरडे आणि स्वच्छ, बोळा बोटांत दाबत वळायचा, सुरकुती न पडता अगदी बारीक काडीसारखा होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतला वाकडा मार्ग सरळ होतो. बोळा आत सरकवून बोटाने अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा, तो फुगून बसेपर्यंत. नंतर दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. आजूबाजूचा आवाज त्याने आणखी बराच कमी झाला तर बोळा नीट बसलेला नाही. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटू लागला तर बसला.

आवाज किती डेसिबलने कमी होतो ते सांगणारा एनआरआर नावाचा आकडा पाकिटावर असतो, बोळ्यांसाठी ३३ पर्यंत, मफसाठी बहुधा २० ते ३० च्या दरम्यान. तो प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात वजावट धरावी लागते. नायॉशच्या ठोकताळ्यानुसार मफच्या आकड्यातून चौथा हिस्सा कमी करायचा आणि फोमच्या बोळ्यांचा आकडा निम्मा धरायचा. समजा मफवर २४ लिहिलंय, तर १८ धरा. १६५ च्या रायफलीतून १८ वजा केले तर १४७ उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. बंदुकीच्या क्षणिक आवाजाला हा हिशोब ढोबळपणे लागू पडतो, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: मोठ्या रायफलीला बोळे आणि वरून मफ असं दुहेरी संरक्षण लागतं. दोन्हींची बेरीज मात्र होत नाही. दोघांतल्या चांगल्याच्या वर साधारण पाचच डेसिबलची भर पडते, कारण एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो. पाच डेसिबल कमी वाटतील. ऊर्जेच्या भाषेत ती तिपटीहून जास्त घट आहे.

मफ कुठे दगा देतो हेही पाहून ठेवा. चष्म्याची जाड काडी गादीखाली गेली की फट पडते. टोपीची कड, लांब केस, तेच. आणि शिकाऱ्यांचा खास प्रश्न: गाल दस्त्यावर टेकवला की दस्ता मफच्या वाटीला खालून ढकलतो आणि नेमक्या चाप ओढायच्या क्षणी वाटी कानावरून उचलली जाते. आरशासमोर रिकामी बंदूक खांद्याला लावून हे एकदा तपासा. वाटी उचलली जात असेल तर खालून निमुळता असलेला मफ घ्या किंवा मफखाली बोळे ठेवा.

चाहुलीचा प्रश्न इलेक्ट्रॉनिक मफने बराचसा सोडवला. बाहेर माइक, आत छोटा स्पीकर. पाचोळ्याची सळसळ, साथीदाराची कुजबुज असे हलके आवाज तो मोठे करून आत देतो. बाहेरचा आवाज ८२-८५ डेसिबलच्या वर गेला की स्पीकर त्याहून मोठा आवाज आत सोडत नाही. इथे एक गैरसमज सरसकट आढळतो: मशीन बार 'कापतं'. तसं नाही. बार अडवते ती वाटी आणि तिची गादी, साध्या मफसारखीच. इलेक्ट्रॉनिक्स फक्त हलके आवाज आत आणायची सोय करतं. म्हणूनच बॅटरी संपली तरी संरक्षण कायम राहतं आणि गादी फाटली की कितीही भारी मशीन कुचकामी ठरतं. गाद्या कडक झाल्या, चिरल्या की बदलायच्या.

ज्याचं ऐकणं थोडं किंवा मध्यम कमी आहे, त्याला असा मफ घातल्यावर उघड्या कानापेक्षा जास्त ऐकू येतं. माझ्या मते कमी ऐकू येणाऱ्या शिकाऱ्याने पैसे खर्च करायचे तर सर्वात आधी इथे. दोन अटी आहेत. एक, दोन्ही वाट्यांना स्वतंत्र माइक हवा, नाहीतर दिशा अजिबात कळणार नाही. दुसरी, सवय लागायला वेळ द्या. आपल्या बाह्यकर्णाच्या वळ्यांमुळे पुढचा-मागचा, वरचा-खालचा आवाज ओळखता येतो. मफमध्ये त्या वळ्या झाकल्या जातात, त्यामुळे मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटू शकतो. बंदूक न घेता मफ घालून काही वेळा रानात फिरून यावं. आवाजाचं बटण पूर्ण वर करून ठेवू नये, वारा आणि स्वतःच्या कपड्यांची खसखस त्यात चाहुलीवर मात करते.

आता श्रवणयंत्रं वापरणाऱ्यांसाठी. श्रवणयंत्र म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे, हे ठळक करून ठेवा. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांचं कानात जाणारं टोक सच्छिद्र आणि सैल असतं, स्वतःचा आवाज घुमू नये म्हणून. बार त्या मोकळ्या वाटेने सरळ आत जातो. यंत्र आवाजाला स्वतःची मर्यादा घालतं, पण बाजूने शिरणाऱ्या आवाजाला ते काय करणार? यंत्र बंद करूनही काही साधत नाही, वाट उघडीच राहते. मग पर्याय उरतात तीन. यंत्र काढून ठेवून इलेक्ट्रॉनिक मफ घालणं. यंत्र कानातच ठेवून त्यावर मोठ्या वाटीचा मफ घालणं. यात कधी कधी शिट्टी वाजते, आणि ती ऑडिओलॉजिस्टला यंत्राची मांडणी बदलून कमी करता येते. किंवा कानाचा साचा घेऊन त्या मापाचं इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवून घेणं, जे आपल्या आलेखानुसार आवाज वाढवतं आणि भोकही बंद करतं. तिसरा पर्याय खर्चिक आहे, पण ज्याची घट जास्त आहे त्याला पहिल्या दोनांत समाधान मिळत नाही.

रानात यंत्र वापरायचं असेल तर ऑडिओलॉजिस्टला तसं स्पष्ट सांगा. तो यंत्र लावतो ते बोलणं ऐकण्यासाठी. त्यामुळे यंत्र समोरच्या दिशेचे आवाज उचलतं आणि मागचे दाबतं, एकसारखी सळसळ 'गोंगाट' समजून गाळून टाकतं. घरात ते उत्तम. रानात नेमकी तीच सळसळ हवी असते. बाहेरच्या वापरासाठी वेगळा प्रोग्रॅम करून मिळतो: चहूबाजूंचे आवाज घेणारा, गाळणी कमी केलेला. वरच्या पट्टीतलं ऐकणं पार गेलं असेल तर काही यंत्रं तो आवाज खालच्या पट्टीत सरकवून देतात. पक्ष्याची शीळ मूळ सुरात येणार नाही, पण शीळ वाजली हे तरी कळेल. घाम आणि दव हे यंत्रांचे शत्रू, रात्री ती ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवायची. थंडीत झिंक-एअर बॅटऱ्या लवकर मान टाकतात, जोडी खिशात असू द्या, शरीराच्या उबेत.

नळीच्या तोंडाला लावायच्या सायलेन्सरचं नाव काढलं की चित्रपटातला 'फुस्स' आवाज आठवतो. प्रत्यक्षात तो साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो, म्हणजे १६५ चा बार १३०-१४५ वर येतो. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, जोरात जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका उरतोच. हिरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यांचे वडील हिरम मॅक्सिम हे मशीनगनचे जनक, आणि स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजाने त्यांचे कान पुरते अधू झालेले. फिनलंड आणि नॉर्वेत शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. अनेक देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा आधी कायदा पाहावा. सायलेन्सर असला तरी बोळे सुटत नाहीत.

बारानंतर कानात गुंई सुरू झाली किंवा दडे बसले तर तो दिवस तिथेच थांबवायचा. आणखी बार नाहीत, मोठं संगीत नाही, यंत्रांचा गोंगाट नाही. दुसऱ्या दिवशीही कमी ऐकू येत असेल, एकाच कानाला फरक जाणवत असेल, चक्कर किंवा कानातून पाणी-रक्त असेल तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. काही रुग्णांना डॉक्टर स्टेरॉइड देऊन बघतात आणि त्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांतच. "बघू आठवडाभर" म्हणून ती संधी घालवू नये. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं किंवा कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन द्यायची वेळ आली तर कान आधीच कमजोर आहेत हे डॉक्टरांच्या कानावर घाला, ही औषधं त्याच केसपेशींना मारतात. वर्षातून एकदा आलेख काढून जुन्याशेजारी ठेवून बघावा. चाचणीच्या आधी चौदा तास तरी मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर तात्पुरती घट कायमची समजली जाईल.

राहता राहिला साथीदारांचा प्रश्न. कमी ऐकू येणाऱ्याने ते लपवून टोळीत सामील होणं हा सगळ्यांच्याच जिवाशी खेळ आहे. "थांब", "बार काढू नकोस", "मी पुढे आहे" या हाका त्याला ऐकू गेल्याच असतील असं धरून बाकीचे चालतात. निघण्यापूर्वी सांगून टाकावं की कुठला कान अधू आहे, आणि हाताच्या चार खुणा ठरवून घ्याव्यात: थांबा, खाली बसा, बंदूक रिकामी करा, मी इथे आहे. अंगावर लांबूनही डोळ्यांत भरेल असं नारिंगी जॅकेट हवं. थरथरणारा वॉकीटॉकी मिळाला तर उत्तम. हाक्याच्या वेळी कमी ऐकू येणाऱ्याची जागा ओळीच्या टोकाला ठेवावी, चांगला कान सोबत्यांकडे येईल अशी. आणि नळीच्या तोंडाच्या पुढे किंवा बाजूला कुणी उभं असेल तर त्याला चालवणाऱ्यापेक्षाही जास्त मार बसतो. मार्गदर्शक, हाकारे, बरोबर आलेलं पोर यांच्या कानांवर बहुतेक वेळा काहीच नसतं. लहान मुलाच्या कानात बोळा नीट बसत नाही, त्याला मुलांच्या मापाचा मफ लागतो, आणि मफ असला तरी त्याची जागा चालवणाऱ्याच्या मागे, काही पावलं लांब.